खाडीच्या गावातला वामन

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कामठी छावणीत मे महिन्याचा घाम पुसत असताना आमच्या कंपनीला मलबार किनाऱ्यावरची पोस्टिंग मिळाली. लान्स नाईक वामन माझ्या सेक्शनचा. घर कामठीतच, बाप मागावर विणणारा. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या तो म्हणाला, "हवालदारसाहेब, मले एकदा समुद्र पाहाचा हाय. मंग कुठंही पाठवा."

गाव लहान. तांबड्या चिऱ्यांची घरं, उतरती कौलं, माडांच्या आड खाडी. पाऊस लागला की आठवडा आठवडा हटत नसे. रात्रीतून बुटांना बुरशी चढे. बनियन शेगडीवर वाळवावं लागे आणि परेडला सगळा सेक्शन धुराचा वास मारी. सुभेदारसाहेब ओरडत. पण मला ते गाव फार आवडलं, अजून आवडतं. आमच्याकडे नागपुरात सर आली की माणूस महाल भागातल्या एखाद्या दुकानाच्या छपराखाली उभा राहतो. तिथं पावसासाठी कोणी थांबतच नसे. मासळीवाल्या, शाळेची पोरं, गाई, सगळे आपापल्या वाटेनं चालत राहत.

आमच्या छावणीच्या फाटकाशी जानकीअम्माचं चहाचं दुकान होतं. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. वामन तिच्याशी खुशाल घरच्या बोलीत बोले. "अम्मा, काहून वं साखर कमी टाकली?" ती हसून त्याच्या पुढ्यात केळ्याचं आणखी एक भजं ठेवी. आम्हाला मात्र पैसे मोजल्याशिवाय काही मिळत नसे.

दुसऱ्या वर्षी जुलैत खाडीचा बांध फुटला. जानकीअम्मा राहत होती त्या बेटात पाणी शिरलं. सकाळी सातला आम्ही दोन नावा घेऊन कामाला लागलो. दुपारी शेवटची फेरी उरली. नावेवर वामन आणि मी.

वामननं नावेची साखळी माडाच्या बुंध्याला आखूड घेऊन करकचून अडकवली. आमच्याकडे कन्हान नदीच्या पुरात आम्ही तशीच बांधतो, ढिली ठेवली तर धार नाव घेऊन जाते. पुराचं पाणी उतरत होतं, म्हणून आम्ही दोघंही निर्धास्त. समुद्राची भरती खाडीतून वर चढते, हे आम्हा नागपूरकडच्यांच्या डोक्यातच आलं नाही.

जानकीअम्मा घर सोडायला तयार नव्हती. तिला समजावून, सून आणि नातवंडांसह नावेत बसवेपर्यंत साखळीचा आकडा पाण्याखाली गेला होता. पाणी चढत होतं, साखळी नावेचं नाक खाली ओढत होती. पाणी आत यायला लागलं. लेकरं रडायला लागली.

वायरलेसवर सुभेदारसाहेब. "ब्रावो टू, रिपोर्ट. ओव्हर."

"नाव अडकली. सोडवतोय. ओव्हर."

मी उतरायला लागलो तर वामननं मला मागं ढकललं. "साहेब, तुमी वल्हं सोडू नका. म्या बांधली, म्याच सोडतो."

त्यानं बुडी मारली. वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. आकडा निघाला. मोकळी झालेली नाव गर्रकन फिरली आणि तिचा काठ वर येणाऱ्या वामनच्या डोक्याला लागला. एकदा हात दिसला. मग दिसला नाही. नावेत लेकरं होती. मी वल्हं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो खाडीच्या तोंडाशी सापडला. देह कामठीपर्यंत नेता येण्यासारखा नव्हता. त्या गावातच, समुद्रकिनारी अग्नी द्यायचं ठरलं. त्या गावात छत्रीशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. आम्ही त्याला घेऊन रस्त्यानं निघालो तेव्हा दुतर्फा उभ्या माणसांनी छत्र्या मिटल्या. पाऊस कोसळत होता. जानकीअम्मा पार किनाऱ्यापर्यंत अनवाणी आली.

अस्थी घेऊन मी कामठीला गेलो. वामनच्या आईनं कलश मांडीवर घेतला. मग विचारलं, "इतक्या दूर, परक्या मुलखात. जाताना माह्या पोराजवळ कोणी रडाले तरी होतं का गा?"

"होतं, माय," मी म्हणालो. "अख्खं गाव होतं."