शेंदराखालची राख

पुंडलिकराव निखाडे यांना आयुष्यात लोखंड कधी दिसलेच नाही. ज्या गृहस्थाने उमेदीची सारी वर्षे भिलाईत, पोलादाच्या कारखान्यात काढली त्याच्याविषयी हे विधान विपरीत वाटेल. पण त्यात अतिशयोक्ती नाही. त्यांना दिसे तो पृष्ठभाग, आणि त्यावर काय फासता येईल एवढाच प्रश्न त्यांना पडे.

या दृष्टीचे मूळ आर्वीकडच्या त्यांच्या गावात होते. तेथील मारुतीला शेंदूर लावण्याचा मान निखाड्यांकडे होता. शेंदूर तेलात कालवायचा आणि जुन्या थरावर नवा थर चढवायचा. खरवडायचे मात्र नाही, कारण देवाच्या अंगाला पाते लावणे पाप. वडिलांच्या हयातीत मारुतीचे नाक बुजले होते, पुंडलिकरावांच्या हातून कान बुजले. हे ते अभिमानाने सांगत.

१९५८ साली ते भिलाईत आले आणि रंगकामाच्या टोळीत लागले. उभ्या राहणाऱ्या तुळयांना रंगाआधी शिशाचा लाल लेप देत, आणि टोळीतली माणसे त्या लेपाला शेंदूरच म्हणत. या एका शब्दाने त्यांचे नशीब उघडले आणि बुद्धी कायमची मिटली. लेपाआधी तारेच्या ब्रशाने गंज काढायचा असतो, हा त्या कामातला निम्म्याहून अधिक भाग त्यांच्या लेखी इतरांची हौस होती. ज्या तुळईवर इतर तिघे दुपारपर्यंत घासत बसत, ती पुंडलिकराव तासाभरात लालभडक करून देत. तपासणीला येणारे बहुधा लांबूनच पाहत. त्यामुळे तत्परतेची ख्याती झाली, आणि अशा ख्यातीला जे फळ येते ते १९६३ साली येऊ घातले होते: टोळीच्या मुकादमाची कायम जागा. कायम नोकरीबरोबर क्वार्टर मिळणार होते. पाच वर्षे ते आणि पत्नी वच्छला मजुरांच्या छावणीत पत्र्याच्या खोलीत राहत होते. उन्हाळ्यात चुलीपेक्षा छत अधिक तापे. वच्छलाबाईंना पक्क्या भिंतीचे स्वयंपाकघर हवे होते. या प्रकरणात एवढी एकच मागणी आदर वाटावा अशी आहे.

जागेसाठी शिफारस हवी होती ती ग्लादिशेव यांची. हे सोव्हिएत अभियंते रंगकाम आणि गंज-प्रतिबंध पाहत. सेक्टर १० मधील बंगल्याच्या अंगणात त्यांनी भंगारातल्या जाड नळाची एक आडवी पेटी करून घेतली होती: तळाशी कोळसा, वर सळ्यांवर मासे, एका टोकाला धुराडे. तिचे रशियन नाव कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून साऱ्यांनी तिला धुरपेटी करून टाकले. उतईच्या तलावातले रोहू तिच्यात दिवसभर धुरावर शिजत.

जून महिन्यात ग्लादिशेव चार महिन्यांच्या रजेवर मायदेशी निघाले. त्यांनी पुंडलिकरावांना बोलावले आणि आपल्या मोडक्या हिंदीत धुरपेटी सांभाळण्याच्या सूचना दिल्या. एकेक बोट मिटत ते म्हणाले, "राख बाहर. जंग बाहर, घिसो. फिर तेल, थोडा. फिर आग, धीरे. समझा?"

"समझा साब. एकदम फस्ट क्लास करून ठेवतो."

काही समजले नव्हते, हे सांगायला नकोच. राख ही दमट हवेतले पाणी ओढून घेते; ती ओली झाली की तिचा खार होतो आणि तिच्याखालचा पत्रा आतून कुरतडला जातो. म्हणून पावसापूर्वी पेटी रिकामी करायची, विटांवर उचलून ठेवायची, झाकण किंचित उघडे ठेवायचे. पुंडलिकरावांनी झाकण उघडले, मासळीचा वास आला, नाकाला उपरणे लावले आणि झाकण बंद केले. पुढचे चार महिने त्यांनी त्या बंगल्याच्या फाटकाकडे पाठ फिरवली. राख आत, पाणी आत, आणि गंज आपल्या कामात. टोळीतला सर्वांत मेहनती घटक तोच होता.

साहेब दसऱ्यानंतर परतणार असे कळले तेव्हा पुंडलिकराव शेंदराचा डबा घेऊन निघाले. सोबत पत्नीला नेले. तिने अंगण झाडावे आणि कर्तृत्वाला साक्षी राहावे. बंगल्याचा स्वयंपाकी हिरालाल पायरीवर लसूण सोलत होता. पेटीच्या तळाशी राख दगडासारखी घट्ट बसली होती आणि कडेने पत्र्याचे पापुद्रे सुटत होते. पुंडलिकरावांनी लांब दांड्याचा ब्रश डब्यात बुडवला.

"अवं, कावून रंगवून राहिले?" वच्छलाबाई म्हणाल्या. "राख तं काढा अगोदर."

"ते राख नाई वो, थर आहे थर. थराले हात लावत नसतेत."

"हे काय मारोती आहे? हिच्यात खाचं शिजते. तव्याले शेंदूर लावते का कोनी? तवा गंजला तं इटकरीनं घासा, जवसाचं तेल पुसा, चुलीवर तापवा. माह्या मायनं सासरी येतानी दिलेला तवा आहे, एक ठिपका दिसते का पाहा."

"तुह्या तव्यानं कारखाना चालून नाई राहिला. साहेबानं तेल सांगतलं होतं, शेंदरात तेल आहे. झालं."

"अन् आग?"

"आग साहेब लावन."

हिरालाल लसणावरून नजर न काढता म्हणाला, "ले भाई, अब मछरी घलो भगवान हो जाही." आता मासळीचाही देव होणार, हे ऐकून वच्छलाबाई हसल्या. पुंडलिकरावांना विनोद कळला नाही. त्यांनी तो कौतुक म्हणून घेतला. मग त्यांनी पेटी बाहेरून रंगवली, आतून रंगवली, आणि तळाशी बसलेली राखही रंगवली. हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचण्याजोगे आहे. पाच वर्षे गंजाविरुद्ध पगार घेणाऱ्या माणसाने राखेला रंग दिला आणि समाधानाने हात पुसले.

ग्लादिशेव आले त्या दुपारी पुंडलिकराव धुतलेले धोतर नेसून हजर होते. शिफारशीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. फक्त सही राहिली होती. स्वागत म्हणून त्यांनी हिरालालला भरीस घालून पेटीत निखारे घालायला लावले आणि दोन रोहू सळ्यांवर टांगवले. वच्छलाबाई हौदाजवळ उभ्या होत्या. साहेब फाटकातून आत आले, दुरून पेटी पाहून हसले, आणि पुंडलिकरावांना क्वार्टरचा नंबरही दिसू लागला असावा.

तेवढ्यात पेटीतून तडतड असा आवाज आला. साहेबांनी झाकण उचलले. उष्णतेने लेपाला फोड आले होते. ते फुटून शेंदराच्या खपल्या माशांवर पडत होत्या. मारुतीने शेंदराची जुनी खोळ टाकावी तसा तो सगळा लाल थर भिंतींवरून सुटत होता, आणि त्याखाली लोखंड नव्हते, तपकिरी भुगा होता. मग तळ गेला. राख, रंग आणि निखारे एकत्र गवतावर कोसळले. वच्छलाबाईंनी हौदातून बादली भरून निखाऱ्यांवर ओतली. पुंडलिकराव हात जोडून उभे होते. गावाकडे देवाची खोळ पडली की हात जोडतात. त्यांना दुसरे काही सुचण्याचे कारण नव्हते.

साहेबांनी मासे चिमट्याने काढले. "कोई नहीं खाएगा. कुत्ता भी नहीं. सीसा, जहर." हिरालालने ते बागेच्या कोपऱ्यात खोल पुरले. मग साहेबांनी भुगा बोटांत चुरडला आणि विचारले, "राख बाहर किया?"

"साब, रंग तो एकदम..."

"राख. बाहर. किया?"

उत्तर वच्छलाबाईंनी दिले, अर्ध्या हिंदीत. "नहीं किया, साहेब. मैंने बोला था. तव्यासारखं करना था." आणि हाताने खरवडणे, पुसणे, तापवणे अशी खूण करून दाखवली. साहेबांनी प्रत्येक खुणेबरोबर आपले एकेक बोट मिटले.

ती पेटी भंगारात गेली. शेंदूर एकदा आत शिरला की ती खाण्याच्या कामाची राहत नाही. दुसरा नळ कापून आणला तेव्हा साहेबांच्या सांगण्यावरून आतला गंज वच्छलाबाईंनी इटकरीने, म्हणजे विटेच्या तुकड्याने, घासला, जवसाचे तेल फडक्याने अगदी पातळ पुसले, मंद निखाऱ्यावर तापवले, आणि हे तीनदा केले. जाड तेल लावले तर ते चिकट राहते, हे त्यांनी साहेबांना सांगितले. साहेबांनी मान डोलावली; ते त्यांना ठाऊक होते, पण ते ठाऊक असलेले दुसरे माणूस त्यांना बहुधा प्रथमच भेटत होते.

शिफारशीवर सही झाली, पण मजकूर बदलून. जिथे खरवडण्याची गरज पडत नाही अशा कामास योग्य, असा त्याचा आशय होता. पुंडलिकराव कायम झाले, मुकादम झाले नाहीत. साचा धरून दारांवर क्वार्टरचे नंबर काढण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. या कामात खोली नसते, म्हणून ते त्यात निष्णात ठरले. त्यांनी मारुतीला नारळ फोडला आणि साहेबाने आपले पाणी ओळखले असे सांगत फिरले. त्यात खोटे काहीच नव्हते.

क्वार्टर मिळाले, लहान पण पक्क्या भिंतीचे. सामान उतरवल्यावर पुंडलिकराव साचा आणि डबा घेऊन स्वतःच्या दारापाशी उभे राहिले. दाराचा लोखंडी पत्रा दोन पावसाळ्यांनी डागाळला होता. त्यांनी ब्रश बुडवला.

"थांबा," आतून आवाज आला. वच्छलाबाई इटकरीचा तुकडा घेऊन बाहेर आल्या, त्यांना खांद्याने बाजूला सारले आणि पत्रा घासू लागल्या.

पुंडलिकराव ब्रश हातात धरून उभे राहिले. ब्रशातून रंग त्यांच्या चपलेवर ठिबकत होता.