लुडमिला शिमचाकचा झपाटा

एकोणीसशे बासष्टच्या वसंतात ओहायोतल्या आमच्या पंख्यांच्या कारखान्यात डॉक्टर व्हिटेकर आले. हे ताप बघणारे डॉक्टर नव्हेत. माणूस काम का करतो हे सांगणारे. त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला. तळाला भूक, त्यावर सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि शेंड्यावर असं काहीतरी, जे आमच्यापैकी एकीलाही कळलं नाही. जन्मात एक हात तार न गुंडाळलेला हा माणूस आम्हाला आमचीच कारणं सांगत होता.

त्यांची नजर लुडमिलावर गेली. ही पन्नाशीची स्लोव्हाक विधवा, पंख्याच्या मोटारीवर तारा गुंडाळण्यात सगळ्यांत चपळ. एवढ्या झपाट्यानं काम करताना मनात नेमकं काय असतं, असं त्यांनी विचारलं.

"तार तुटू नये, एवढंच," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं : मानाची तहान. लगेच तिचा फोटो दाराशी लागला आणि तिला काचेच्या वेगळ्या खोलीत, गादीच्या खुर्चीवर बसवलं.

खरी गोष्ट आमच्या रांगेत सगळ्यांना ठाऊक होती. लुडमिलाच्या शेजारच्या बाकावरच्या याडविगाची बोटं संधिवातानं आखडली होती आणि पेन्शनला दोन वर्षं उरली होती. लुडमिला दुपारपर्यंत आपलं काम उरकायची आणि नंतरच्या गुंडाळ्या गुपचूप याडविगाच्या पेटीत टाकायची. मुकादम तिकडे पाठ करून उभा राहायचा. गंमत म्हणजे चर्चच्या गायनात पुढे कोणी उभं राहायचं यावरून दोघींचं वाजलं होतं. सहा वर्षं अबोला होता.

आता याडविगाची पेटी अर्धीच भरू लागली. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून विचारणा झाली. चौथ्या दिवशी लुडमिला आपला डबा घेऊन जुन्या बाकावर येऊन बसली.

डॉक्टर धावत आले. मानाची जागा का सोडली, म्हणून विचारू लागले. खरं सांगितलं असतं तर याडविगा घरी बसली असती.

"इथं उजेड बरा आहे," लुडमिला म्हणाली.

तिथं उजेड कधीच नव्हता. पण डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. महिनाभरात साऱ्या कारखान्यात नवे दिवे लागले. आमच्या रांगेचं काम पुन्हा वाढलं, तेव्हा प्रकाश आणि प्रेरणा या विषयावर त्यांचं शिकागोत व्याख्यान झालं म्हणे. टाळ्याही पडल्या असतील. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही तार गुंडाळावी लागत नव्हती.

याडविगाला पेन्शन मिळाली. शेवटच्या दिवशी तिनं सगळ्यांना केक वाटला. लुडमिलाचा तुकडा तिच्या बाकावर ठेवून न बोलता पुढे गेली. मला राहवलं नाही. भांडलेल्या बाईसाठी दोन वर्षं बोटं का झिजवलीस, असं मी विचारलंच.

लुडमिलानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच डॉक्टर.

"तुला काम नाही का गं?" म्हणाली, आणि केक खाऊ लागली.