गेटवरचा चौकोन

प्रचाराच्या दिवसांत पक्षाचे एक कार्यकर्ते आमच्या गल्लीत यायचे, तेव्हा स्कूटर कधी बंद करायचे नाहीत. गेटशी थांबून, इंजिनाच्या वर आवाज चढवून "अच्छा, ऐका न दीदी" म्हणायचे आणि माझं उत्तर संपायच्या आत पुढच्या घरी पोचायचे. आमच्या गेटवर नगरसेवकपदाच्या उमेदवाराचं स्टिकर त्यांनीच लावलं होतं, मला विचारून, चारही कोपरे अंगठ्याने दाबून.

निकाल लागला आणि त्यांचा माणूस पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर गेटशी आली आणि चक्क बंद झाली. आता हे बसून रडगाणं गाणार, या धास्तीने मी चहाचं विचारलं. त्यांनी गरम पाणी मागितलं. मग स्टिकर भिजवून ते पत्र्याच्या पट्टीने खरवडू लागले.

"राहू द्या, कशाला त्रास घेता?" मी म्हणाले.

"नाही जी. हरलेला कागद फाटून लोंबत राहते, अन् लोक तेच पाहत राहतात. मंग पुढच्या वेळी कोणी गेट देत नाही."

मी मत कोणाला दिलं होतं, ते त्यांनी तेव्हाही विचारलं नाही.

खरवडलेला चौकोन बाकी गेटपेक्षा स्वच्छ निघाला. त्यांनी तो फडक्याने पुसला, मान तिरकी करून पाहिला आणि स्कूटरला किक मारली.

"चलो दीदी. दिवाळीत गेट रंगवाल तं हा कोपरा नीट रंगवजा," इंजिनाच्या वर आवाज चढवून ते म्हणाले. "चांगल्या रंगावर स्टिकर पक्कं बसते."