आक्काला वाचून दाखवलेली लांडग्याची कादंबरी

नामांतराच्या आंदोलनात कॉलेज बंद पडलं आणि मी परभणीहून ताडकळसला घरी आले. भाड्याच्या वाचनालयातली एक जाड कादंबरी पिशवीत तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवसापासून एसट्याही बंद झाल्या.

माझी थोरली बहीण, आक्का, माझ्या आधीच आलेली होती. पाथरीकडच्या सासरहून, एकटीच. डावा डोळा सुजून पार मिटलेला. गाईचं शिंग लागलं, असं माय शेजारणींना सांगत होती. आक्काच्या सासरी गाय नव्हती, हे शेजारणींनाही ठाऊक होतं. वडिलांनी, म्हणजे दादांनी, तर काही विचारलंच नाही. ते सकाळी दुकान उघडायचे आणि जेवायला येऊन खाली मान घालून जेवायचे.

दुपारी आक्का माजघरात पडून असायची. एका डोळ्यानं वाचलं की डोकं ठणकतं म्हणाली, म्हणून मीच तिला मोठ्यानं वाचून दाखवू लागले. कादंबरी एका श्रीमंत मळेवाल्याची. पुनवेला तो लांडगा व्हायचा. त्याच्या प्रेमात पडलेली मुलगी अनाथ, देखणी आणि माझ्या मते बिनडोक. तो तिला ओरबाडायचा आणि उजाडल्यावर माणूस होऊन तिच्या पायाशी रडत बसायचा. ती स्वतःच्या जखमा पदरानं झाकून त्याचे केस कुरवाळायची. मग पुढची पुनव येईस्तोवर पानंच्या पानं दोघं नुसती एकमेकांकडं बघत राहायची. मनातलं एक वाक्य धड कुणी बोलत नव्हतं.

"अगं, पळ की बये!" एकदा मी पुस्तक आपटलंच. "दार उघडंय, बाहेर टांगा उभाय, आन् ही बसली त्याचं डोकं चेपत!"

"कुठं जाईल ती?" आक्का म्हणाली. "मायबाप हायेत का तिला?"

"कुठं बी जावं. मरायलीच की तिथं."

"तुला लय सोपं वाटायलंय. तो रडतोय ना सकाळी? खरंच रडत असंल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी रडतात का?"

आक्का आढ्याकडं बघत राहिली. "पयलं रडायचे," म्हणाली. आणि पुस्तक माझ्याकडं सरकवून, "वाच की फुडं."

मी वाचलं. काय वाचलं ते मला कळत नव्हतं.

संध्याकाळी मी मायला चुलीपाशी गाठलं. आक्काला परत पाठवू नका म्हणाले. माय भाकरी थापत राहिली. "तिला ठिवून घेतलं तर तुला कोण करून घेईल?" एवढंच म्हणाली. म्हणजे आक्का परत जाणार ती माझ्यासाठी.

एसट्या सुरू झाल्या आणि आक्काचे सासरे पहिल्याच गाडीनं हजर झाले. दादांनी त्यांना बैठकीत बसवून चहा दिला. ते पिकापाण्याचं बोलले, बंदमुळं झालेल्या खोळंब्याचं बोलले. शेवटी म्हणाले, "पोरीला जरा समजावून सांगा. नवरा म्हणल्यावर हात उठतो कधीमधी."

"आक्का जाणार न्हाई," मी दारातून म्हणाले.

"तू आत हो," दादा म्हणाले. ओरडले नाहीत. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला रागही येईना.

आक्कानं स्वतःच पिशवी भरली. मायनं तिची ओटी भरली. निघताना आक्का मला जवळ घेऊन हळूच म्हणाली, "शेवटी काय होतं गं त्यांचं?"

मी शेवटची पानं आधीच चोरून वाचली होती. त्या मुलीच्या मायेनं तो बरा होतो, कायमचा माणूस होतो. असल्या शेवटाची मला शिसारी आली होती. पण तेच तिला सांगितलं.

"असं व्हय," ती म्हणाली आणि सासऱ्यांच्या मागं चालू लागली.

पुढं कॉलेज सुरू झालं, मी बीए झाले. स्थळं यायला लागली आणि मी एकेक नाकारत गेले. दादा हताश झाले, मायनं माझ्याशी बोलणं टाकलं. अखेर माझी समजूत घालायला त्यांनी आक्कालाच बोलावून घेतलं. ती आली. माझ्यासमोर बसली, माझा हात हातात घेतला आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "सगळेच काय तसे नसतेत."