यादीतला चौदावा पेपर

नलूताईंचा फोन आला तेव्हा मी कामठीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. नलूताई म्हणजे कुमुद मॅडमच्या धाकट्या बहीण. त्या एवढंच म्हणाल्या, "रंजू, कुमुद गेली वं." मी विचारलं, कुठे? ...खरंच असं विचारलं मी. आजार वर्षभराचा होता, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं, तरी माझ्या तोंडून तेच निघालं. माझ्या पिशवीत त्यांच्या नव्या संशोधन-पेपरचा मसुदा होता. पंधरा दिवस मी तो घरून कॉलेजात आणि कॉलेजातून घरी नुसता वाहत होते. रविवारी वाचून आणते, असं मी त्यांना सांगितलं होतं आणि त्या दिवशी गुरुवार होता. शेवटची चार पानं वाचायची राहिली होती.

डॉ. कुमुद मॅडम नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांचं आयुष्य एका किड्यामागे गेलं. टसर रेशमाचा किडा, ज्याच्या कोशाला आपल्याकडे कोसा म्हणतात. हा जीव हिवाळ्यापासून पार उन्हाळा सरेपर्यंत कोशात पडून असतो. खात नाही, पीत नाही, अंगात साठवलेल्या चरबीवर तगतो. ती चरबी किती जळते, आणि आपल्याकडच्या उन्हात ती वेळेआधी संपून जीव आतच मरतो का, हा मॅडमचा प्रश्न होता. भंडारा, गडचिरोलीकडे कोसा पाळणारी माणसं हेच कोसे पुढच्या पिकाचं बी म्हणून जपून ठेवतात, त्यामुळे त्याच्या उत्तराकडे त्यांचेही डोळे लागलेले असत. मी त्यांच्याकडे आले तेव्हा माझी एम.एस्सी. झाली होती. बाबा बुटीबोरीच्या कारखान्यात होते आणि आमच्या घरात एवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी मॅडमनी माझे मार्क पाहिले नाहीत. हातात एक कोसा दिला आणि कानाशी हलवून ऐक म्हणाल्या. जिवंत असला तर आत जड, ओला ठोका वाजतो. मेला असला तर वाळलेल्या शेंगेसारखा खुळखुळतो. दिवसभर मी दोनशे कोसे कानाशी हलवले. संध्याकाळी त्या म्हणाल्या, उद्यापासून ये.

पाच वर्षं मी त्यांच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत काम केलं. ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीत कोसे ठेवायचे, रोज वजन करायचं, बंद बरणीत ते किती प्राणवायू घेतात ते मोजायचं. त्यातून आमचा पेपर निघाला. परदेशातल्या चांगल्या नियतकालिकात छापून आला. मॅडमच्या प्रकाशनांच्या यादीत तो चौदावा, आणि त्यांच्या नावापुढे माझं नाव. पस्तीस अंशापर्यंत कोसे सुखरूप राहतात, असं आम्ही त्यात लिहिलं होतं. मॅडमनी गावोगावी जाऊन कोसा पाळणाऱ्यांनाही तेच सांगितलं. माझा पीएच.डी.चा प्रबंध सगळा त्याच आकड्यांवर उभा होता.

प्रबंध द्यायला महिना उरला असेल. भंडाऱ्याकडून शेवंताबाई आल्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोसा पाळतात. त्यांनी थैलीतले कोसे टेबलावर ओतले, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. "तुमी सांगतलं तसंच ठेवलं जी," त्या म्हणाल्या. "फुलपाखरं निंगालेच नाही." आवाजात राग नव्हता, आणि तेच मॅडमना लागलं असावं. त्यांनी एकेक कोसा कानाशी हलवला. मग ब्लेडनं कापून पाहिला. आत सगळं काळं पडलं होतं. मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि स्टॅंडपर्यंत सोडून आल्या. त्यानंतर आठ दिवस त्या प्रयोगशाळेतच बसून होत्या. आमच्या सगळ्या वह्या पुन्हा तपासल्या. शेवटी भौतिकशास्त्र विभागातून दुसरा थर्मामीटर आणून पेटीत ठेवला. आमचा थर्मामीटर तीन अंश जास्त दाखवत होता. आम्ही पस्तीस समजत होतो तेव्हा आत बत्तीसच होते. नुकताच बिघडला असेल, असं मी म्हणून पाहिलं. मॅडमनी जुन्या वह्यांतली वजनं पुढ्यात ठेवली; पहिल्या वर्षीही ती तेवढीच कमी घटली होती. चूक पहिल्यापासून होती.

पेपर मागे घ्यायचा, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. मी आधी विनवण्या केल्या. पुढच्या पेपरमध्ये दुरुस्ती छापू, माझा प्रबंध एकदा जाऊ द्या... त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दुरुस्ती छापून यायले वर्ष लागते. तोवर अजून लोकं आपलं ऐकून कोसे ठेवतीन. मी गप्प कशी राहू, तूच सांग मले."

तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहायला हात वळत नाही, पण लिहायला हवं. मी म्हणाले, "तुमचं बरं आहे मॅडम. तुमच्या मागे कोणी नाही. माझ्यामागे घर आहे."

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. का, ते मला ठाऊक होतं. वडील अंथरुणाला खिळलेले, नलूताईंचं शिक्षण व्हायचं, असं करता करता ते राहून गेलं. हे माहीत असून मी ते बोलले. त्या उठल्या, खिडकी लावली आणि म्हणाल्या, ऊन झालं, जाय घरी.

पेपर मागे घेतला गेला. नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात, ‘उपकरण तपासण्याची जबाबदारी सर्वस्वी माझी होती, विद्यार्थिनीचा यात दोष नाही,’ असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. शेवंताबाईंकडे आणि ज्यांना ज्यांना सल्ला दिला होता त्यांच्याकडे त्या एसटीनं फिरल्या आणि माझं चुकलं म्हणून सांगून आल्या. पुढे प्रोफेसरपदाच्या मुलाखतीत त्यांना या एकाच पेपरबद्दल विचारलं गेलं, आणि ते पद काही त्यांना मिळालं नाही. मी प्रबंध अर्धवट टाकून कामठीला नोकरी धरली. चार वर्षं त्यांना तोंड दाखवलं नाही. रागानं म्हणा, लाजेनं म्हणा...

मग एका दुपारी कामठीच्या कॉलेजच्या गेटवर त्या उभ्या. डोक्यावर ओढणी, हातात जाड फाइल, चेहरा उन्हानं लाल. चार उन्हाळे त्यांनी एकटीनं सगळे प्रयोग पुन्हा केले होते. "तुह्या पद्धतीनंच केले," त्या म्हणाल्या. "म्हणून तुहं नाव टाकलं. नको असन तर खोडून टाकतो." बायकांनीही ‘करतो’, ‘टाकतो’ म्हणायची आपल्याकडची रीत त्यांनी कधी सोडली नाही. मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे न बघता फाइल उघडली आणि तक्ते दाखवायला लागल्या. तेव्हापासून दर रविवारी मी नागपुरात हुडकेश्वरला त्यांच्या घरी जायला लागले. एक्केचाळिसाव्या वर्षी माझी पीएच.डी. झाली. पण त्या वाक्याची माफी... शेकडो रविवार मिळाले आणि मी ती मागितली नाही. त्या विसरल्या असतील, असं मी स्वतःला सांगत राहिले. त्या काहीच विसरत नसत.

शोकसभेसाठी मॅडमच्या कॉलेजनं त्यांच्या प्रकाशनांची यादी माझ्याकडे मागितली. मागे घेतलेला पेपर वगळा, कशाला ते आता, असं विभागातल्या एकानं मला सुचवलं. त्याचा हेतू चांगला होता. नलूताईंनी कपाटातून मॅडमनी स्वतः लिहिलेली यादी काढून दिली. एकूण सव्वीस पेपर. चौदाव्यासमोर त्यांच्या बारीक अक्षरात होतं, ‘मागे घेतला. मापनात चूक. चूक माझी.’ सभेत मी यादी वाचली, चौदाव्यासकट. ‘चूक माझी’ हेही वाचलं. मागच्या रांगेत शेवंताबाई बसल्या होत्या. पदरानं डोळे पुसत होत्या.

ती चार पानं मी तेराव्यानंतर वाचली. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. सत्ताविसावा पेपर आता पाठवला आहे.

हुडकेश्वरच्या घरी मागच्या खोलीत अजून कोसे टांगलेले आहेत. खिडकीला ओलं पोतं, कोपऱ्यात पाण्याची घागर. काय करायचं यांचं, नलूताईंनी विचारलं. मी म्हटलं, मी बघते. दाराशी खिळ्याला नोंदवही अडकवलेली असते. तारीख, तापमान, कोणी पाहिलं. वही उघडली तर मॅडमनी उन्हाळा संपेपर्यंतची पानं आधीच आखून ठेवलेली. रोजच्या तारखेसमोर, शेवटच्या रकान्यात, त्यांनी पेन्सिलीनं नलूताईंचं नाव लिहिलं होतं. स्वतःचं कुठेच नव्हतं. फक्त प्रत्येक रविवारसमोर लिहिलं होतं, ‘रंजू’.

काल रविवार होता. मी पोतं भिजवलं, तापमान पाहिलं आणि माझ्या नावासमोर तो आकडा लिहिला.