शोभाकाकूंचा सिंगल

"ताई, यातला आईचा फोटो मोठा करून पाहिजे. परवा तेरवी आहे," असं म्हणून प्रणालीनं काडेपेटीएवढा कॅमेरा माझ्या काउंटरवर ठेवला. मागे तिचे वडील, राऊतकाका, खुर्चीची पाठ धरून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

दारव्ह्यात माझा स्टुडिओ आहे. लग्नांची कामं बावीस वर्षं करते. त्या काडेपेटीतून काय निघणार हे मला ती न उघडताच कळलं होतं. चार महिन्यांपूर्वी प्रणालीच्याच लग्नात असे सहा कॅमेरे पाहुण्यांच्या हातात फिरत होते, आणि त्यांच्यासाठी तिनं माझ्या यादीतल्या एकोणीस ओळी खोडल्या होत्या.

आधी ती यादी सांगते. प्रत्येक लग्नाआधी मी पार्टीकडून शॉट-लिस्टवर सही घेते. कोणाचे, कुठे, कधी फोटो काढायचे ते त्यात असतं. त्यामुळे नंतर "मामेसासऱ्यांचा फोटो कुठंय?" ही भांडणं होत नाहीत. त्यातली एक ओळ असायची: वधूची आई, सिंगल. सिंगल म्हणजे एकट्या माणसाचा, समोरून, छातीपर्यंत, मागे मोकळी भिंत.

ही ओळ मुद्दाम घातलेली. अक्षता पडतात तेव्हा वधूची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. बाकी दिवसभर पाहुण्यांमागे पळते. अल्बममध्ये तिची पाठच जास्त सापडते. दुसरं कारण असं, की मोठ्या माणसांचा धड फोटो बहुतेक घरांत लग्नातच निघतो आणि पुढे हार घालायला लोक तोच शोधतात. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे. पण लग्नघरात ते बोलून दाखवता येत नाही.

प्रणाली पुण्याला नोकरी करते. यादी वाचताना तिनं पेन त्या ओळीवर ठेवलं.

"हे सिंगल-बिंगल नको, ताई. कॅमेरा दिसला की आई आधार सेंटरवर बसल्यासारखी बसते."

"पाच मिनिटांचं काम आहे. राहू दे."

"पण कशासाठी?"

कारण सांगता येईना. "पद्धत आहे," म्हटलं.

तिनं फोनवर त्या खेळण्यासारख्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो दाखवले. विटलेले रंग, पांढरेफट्ट चेहरे, दिव्यांच्या रेघा.

"हा हललाय," मी म्हटलं.

"हललाय म्हणूनच आवडतो. तुमचे फोटो परफेक्ट असतात, ताई. पण त्यात आमचीच माणसं दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखी दिसतात."

शेजारी बसलेले राऊतकाका हसले. "पोरगी म्हणून राह्यली त खोडू द्या ना, बाई. आमाले का समजते त्यातलं!"

तिचं वाक्य मला लागलं होतं. तिनं ओळ खोडली, खाली सही केली.

लग्नात त्या कॅमेऱ्यांनी मजा आणली, हे मान्य करते. खेळण्याला कोणी घाबरत नाही. माझी मोठी लेन्स दिसली की पोट आत घेणारी माणसं त्याच्यासमोर जीभ काढत होती. फोटो चांगला येणार नाही हे आधीच ठरलेलं, त्यामुळे कोणावरच चांगलं दिसायची जबाबदारी नव्हती.

मंगलाष्टकांच्या जरा आधी बॅटरी बदलायला मी लॉनच्या मागच्या अंगणात गेले. शोभाकाकू, म्हणजे प्रणालीची आई, तुळशीपाशी येऊन बसल्या होत्या. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर होता. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला.

"माझा काढून राह्यल्या का, ताई?"

"नाही, काकू. तुमचा नको म्हटलंय प्रणालीनं."

"असं का? बरं बरं," म्हणून त्यांनी तांब्या उचलला.

कॅमेरा माझ्या गळ्यातच होता. बटण दाबायला एक सेकंद लागला नसता. मी बॅटरी बदलली आणि मांडवात गेले.

आता काकू हार्ट अटॅकनं गेल्या होत्या.

काउंटरवरच्या त्या कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. त्यांचे अकरा फोटो निघाले, दहा धूसर. अकराव्यात त्यांनीच तो कॅमेरा उलटा, स्वतःकडे तोंड करून धरलाय, कोणीतरी चिडवलं असावं, आणि त्या तोंड उघडून हसताहेत. बावीस वर्षांत असं हसू माझ्या लेन्ससमोर कोणी हसलेलं नाही.

"फोनवर किती छान दिसतो," प्रणाली म्हणाली.

फोटो म्हणजे रंगीत ठिपके. या कॅमेऱ्यात ते जेमतेम तीन लाख. बारा बाय अठराच्या फ्रेमला चाळीस-पन्नास लाख तरी लागतात. स्क्रीनवर मोठा केला तर हसण्याचे चौकोन झाले. मग एआयच्या सॉफ्टवेअरमधून काढला. त्यानं नसलेले ठिपके अंदाजानं भरले. दात एकसारखे झाले, नाक सरळ झालं.

राऊतकाका वाकून बघत राहिले. "हे कोन होय? हे आमची शोभा नोहे."

मग माझे लग्नाचे तेवीसशे फोटो चाळले. नऊ ठिकाणी काकू होत्या. पाठ, अर्धा कान, ताटाआड चेहरा, पाठवणीच्या वेळी तोंडावर पदर.

मी सुचवलं, की हसणारा फोटो पोस्टकार्डाएवढाच छापू आणि मोठ्या फ्रेममध्ये भोवती पांढरी जागा सोडू. प्रणाली तयार झाली. काका नाही म्हणाले. "लोकायले दुरून दिसाले पायजे. अन् तेरवीले हासता फोटो?"

शेवटी त्यांनी खिशातून बँकेचं जुनं पासबुक काढलं. त्यावर काकूंचा पासपोर्ट फोटो होता, खांद्यावर बँकेचा शिक्का. मी तो स्कॅन केला, शिक्का पुसला, साडीचा काठ नव्यानं रंगवला. काम स्वच्छ झालं. काकू आधार सेंटरवर बसल्यासारख्या दिसत होत्या.

जाताना प्रणाली दारात थांबली. "तुम्ही तर दिवसभर तिथं होता, ताई. तुमच्याकडे एकही कसा नाही?"

तिची सही फाइलमध्ये होती. मी फाइल काढली नाही. तुळशीपाशी काय झालं तेही सांगितलं नाही.

त्यानंतर मी ती ओळ शॉट-लिस्टमधून काढून टाकली. वधूच्या आईचा सिंगल आता पहिल्या तासात, कोणाला न विचारता काढते. कागदावर लिहिलं की समोरच्याला खोडायचा हक्क मिळतो. जे काम करायचंच आहे, ते मंजुरीला ठेवू नये. शोभाकाकूंना याचा काही उपयोग नाही. त्यांनी तर विचारलं होतं.