शेवटच्या कडव्यातलं नाव

माझ्या नवऱ्याला मत्सराचा रोग आहे हे मला लग्नानंतर पंधरवड्यातच कळलं. बाईमाणसावरून नाही हो, गळ्यावरून. कुणी चांगलं गायलं की ह्यांच्या पोटात दुखायचं.

हे धंतोलीतल्या एका दवाखान्यात ड्रेसर. दिवसभर लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि सायकलवर घरी येताना गाणी जुळवायची. जयंतीची, बुद्धपौर्णिमेची, कुणाच्या लग्नाची, वस्तीत नळ आला त्याचीसुद्धा. शब्द असे की ऐकणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर माझ्याच मनातलं. चालही हेच लावायचे. पण आवाज? मडक्यात खडे टाकून हलवावं तसा. चणे आहेत तर दात नाहीत, ती गत.

गायचा रविंद्र, ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त. उंच, केसांना चपचप तेल, गळ्यात रेशमी रुमाल. पेटीवर बोटं टाकून त्यानं नुसतं ‘आ’ केलं तरी मांडवातली पोरं गप्प व्हायची. हे मागे बसून टाळ वाजवायचे आणि त्याच्या मानेकडे असं बघायचे की मलाच भीती वाटायची.

आमच्याकडच्या गाण्यांत लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असतं. तीच त्याची सही. रविंद्रला खोड अशी की चौथ्या कडव्याला टाळ्या पडल्या की तो पाचवं गिळून थेट पुढच्या गाण्याला हात घालायचा. मुद्दाम करत असेल असं मला आजही वाटत नाही. टाळ्यांची नशा असते माणसाला. पण दहा वर्षं ह्यांचं नाव त्या टाळ्यांखाली गेलं. दुसऱ्या दिवशी नळावर बाया म्हणायच्या, ‘‘रविंद्रचं गाणं काय झालं वं काल!’’ ते कानावर पडलं की हे भरल्या ताटावरून उठायचे. भाजी मी केलेली, राग रविंद्रवरचा.

चौऱ्याऐंशी साल असेल. पानठेल्यापानठेल्यावर टेप वाजायला लागले होते. एक दिवस हे घरी आले ते कॅसेट काढायची असं ठरवूनच. म्हणाले, ‘‘मांडवात खाल्लं त्यानं कडवं. कॅसेटमंधी कसा खाते, पाहतोच मी.’’ दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझी गाणी दूरवर जातील. ह्यांचं सगळं लक्ष त्या एका कडव्यावर.

विहाराच्या मागच्या खोलीत बैठक जमली. खिडक्यांना गोधड्या लावल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद. इतवारीत रेडिओ दुरुस्त करणारे भैय्याजी आपलं मशीन घेऊन आले. ढोलकीवर वसंत, पेटीवर आणि गाण्याला रविंद्र, मागून ओळ धरायला मी आणि वसंतची बायको उत्तरा. माझ्या सासूबाई, अंजनाबाई, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, कारण शेवटचं गाणं त्यांच्यावरच होतं. त्या गवताचे भारे डोक्यावर घेऊन कामठीच्या छावणीत विकायला जायच्या आणि त्यावर त्यांनी ह्यांना शिकवलं, त्याचं गाणं.

पाच गाणी झकास झाली. दर गाण्याच्या शेवटी हे रविंद्रच्या समोर उभे राहून हात वर करायचे, म्हणजे कडवं विसरू नको. मास्तर पोराला पाढे म्हणायला लावतो तसं. रविंद्रनं ते पाच वेळा सोसलं. घामानं सगळे चिंब झाले होते. सहाव्या गाण्याच्या आधी भैय्याजींनी मशीनमध्ये डोकावून पाहिलं.

‘‘नत्थूभाऊ, टेप सरून राहिली गा. येवढं गाणं बसत नाही. शेवटचं कडवं सोडा लागते.’’

‘‘कडवं नाही सुटत,’’ हे म्हणाले. ‘‘ह्याचा आलाप कापा.’’

‘‘आलाप काहून?’’ रविंद्र उसळला. ‘‘माहा गळाच काप न!’’

‘‘गळाच तर नडून राहिला दहा वर्षांपासून.’’

पोटातलं असं भसकन ओठावर आलं. रविंद्रनं पेटीचा भाता बंद केला, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘‘मंग तूच गा.’’ आणि गेला.

ह्यांनी पेटी ओढली आणि खरंच गायला लागले. दोन ओळी झाल्यावर भैय्याजींनी त्या वाजवून दाखवल्या. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे ह्यांना जन्मात पहिल्यांदा कळलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तोंड पार उतरलं बिचाऱ्यांचं.

तेव्हा सासूबाई बोलल्या, ‘‘देवकी म्हणंल. चुलीपाशी रोज हेच तर म्हणून राहते ते.’’

मी नको नको म्हटलं, पण भैय्याजींना घाई होती आणि ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे सरकले. गाणं मला पाठ होतंच. धास्ती वेगळीच होती. सासूबाईंनी छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरातले सगळे देव बाहेर काढले. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे काही त्या बाविसांत नव्हतं, म्हणून ते घरातच राहिलं. त्यांनी कधी मामंजींचं नाव घेतलं नाही, मी कधी ह्यांचं नाही. डॉक्टरांनी विचारलं तरी मी शेजारणीकडे बघायची. आणि आता गायचं होतं, तेही सासूसमोर, मशीनसमोर. शिवाय हे कडवं चुकलं तर ह्यांचा जीव जाईल हेही मला ठाऊक होतं.

मी डोळे मिटले.

मायच्या डोई गवताचा भारा, माझ्या हाती पाटी,
माय उन्हात चालत गेली माझ्या शाळेसाठी.

आलाप मला येतच नव्हता, त्यामुळे टेप पुरली. शेवटच्या कडव्याला कान तापले, पण मी थांबले नाही.

नत्थू म्हणे, गवत सरलं, भारा नाही सरला,
माय, तुझ्या मानेवरचा वळ गाण्यात उरला.

डोळे उघडले तेव्हा सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही. उत्तरानं मला चिमटा काढला. हे पेटीवर मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, भरून आलं असेल. नव्या नवरीसारखी लाज वाटली मला, आणि आनंदही झाला. इतक्या वर्षांत ह्यांना देण्यासारखं माझ्याकडे पहिल्यांदाच काही होतं आणि मी ते दिलं होतं.

कॅसेटच्या नकला काढण्याआधी पुढच्या रविवारी वस्तीला ऐकवायचं म्हणून विहाराच्या अंगणात भोंगा लावला. पाच गाण्यांना लोकांनी माना डोलावल्या. सहावं लागलं आणि अंगण चूप झालं. ते संपलं तशी शेजारची मनकर्णा ओरडली, ‘‘देवकीचं गाणं लावा गा पुन्हा!’’ मग सगळ्या बायांनी तोच घोष धरला. देवकीचं गाणं, देवकीचं गाणं. चार वेळा लावलं. चारही वेळा भोंग्यातून ह्यांचं नाव अख्ख्या वस्तीवर गेलं, अगदी स्वच्छ, एक अक्षर न गिळता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, आज ह्यांच्या जिवाला थंडावा मिळेल. पण ह्यांनी ते ऐकलंच नव्हतं. ह्यांच्या कानात फक्त मनकर्णा होती. रविंद्रच्या मानेकडे दहा वर्षं ज्या नजरेनं बघत होते, तीच नजर आता माझ्याकडे वळली होती.

त्या रात्री हे जेवले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटले ते सरळ रविंद्रच्या घरी. ज्याचं नाव काढलं की तळपायाची आग मस्तकात जायची, त्याचा हात धरून म्हणाले, ‘‘चुकलं गा माहं. ते गाणं तुहंच हाय.’’ हे मला उत्तरानं सांगितलं. दोस्तानं गाजवलेलं चालतं हो. बायकोनं गाजवलेलं कसं चालेल?

पुन्हा गोधड्या लागल्या, पुन्हा मशीन आलं. टेप तीच, त्यामुळे नवं गाणं जुन्यावरच चढणार होतं. भैय्याजींनी माझ्याकडे बघत ह्यांना एकदा विचारलं, ‘‘बाईचं मिटवू म्हणता?’’ हे म्हणाले, ‘‘मिटवा.’’

रविंद्रनं आलाप आखूड केला. गायलाही सुरेख, त्यात शंका नाही. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते आणि माझं पोट असं दुखायला लागलं की म्हटलं, बाई, संसर्गजन्य आहे हा रोग! चार कडवी झाली. आम्ही दोघींनी मागून ओळी धरल्या. पाचव्यात त्यानं ह्यांचं नाव घेतलं आणि तीच नावाची ओळ मागून धरायला आमच्यासाठी सोडली. उत्तरानं उचलली. मी तोंड मिटून बसले.

भैय्याजींनी मशीन थांबवलं. ‘‘एक आवाज कमी पडून राहिला.’’

पुन्हा तेवढंच कडवं घेतलं. पुन्हा उत्तरा एकटीच. मग हे उठून माझ्याजवळ आले आणि हळूच, जरा लाडीगोडीनंच म्हणाले, ‘‘काहून चूप राहून राहिली वं? मांगच्या खेपेले तर घेतलं होतंस माहं नाव.’’

‘‘घेतलं होतं,’’ मी म्हटलं. ‘‘ते तुमी पुसलं.’’

भैय्याजींनी विचारलं, आणखी एकदा घेऊ का? ह्यांनी मानेनंच नको म्हटलं.

कॅसेट निघाली, बऱ्यापैकी खपली, कामठी-मौद्यापर्यंत वाजली. त्या एका ओळीला मागून एकट्या उत्तराचा आवाज आहे. कुणाच्या लक्षातही येत नाही. ह्यांच्या मात्र येतं. ओळ जवळ आली की हे उठून बाहेर जातात.